वाचकांचे प्रश्न : थेट प्रक्षेपण, जुन्या टेप आणि अडखळणारा व्हिडिओ

व्हिडिओविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांत कॅमेऱ्याचे नाव आणि लॅपटॉपची क्षमता बहुतेकांनी न चुकता कळवली आहे. इंटरनेटचा अपलोडचा वेग किती, फाइलचा बिटरेट (म्हणजे सेकंदाला किती माहिती जाते) किती आणि आवाज नेमका कोठून घेतला, हे मात्र फार थोड्यांनी लिहिले आहे. दोष बहुधा या तीन ठिकाणीच दडलेला असतो आणि नवा कॅमेरा घेतल्याने तो जात नाही. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहातील रात्रीचे कीर्तन मुंबई-पुण्याला स्थायिक झालेल्या गावकऱ्यांसाठी आम्ही यूट्यूबवरून थेट दाखवतो. कॅमेरा कॅप्चर कार्डातून लॅपटॉपला जोडला आहे, ओबीएस हे प्रक्षेपणाचे सॉफ्टवेअर वापरतो, चित्र १०८०पी आणि बिटरेट ४००० ठेवला आहे. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेतो. सिमवर रोज २ जीबीचा प्लॅन आहे. पहिला तासभर उत्तम चालते, मग चित्र अडखळते आणि शेवटी बंदच पडते. लॅपटॉप बदलूनही फरक पडला नाही. शिवाय टाळ-मृदंगाचा आवाज मध्येच बुडाल्यासारखा होतो. – सप्ताह समितीचे कार्यकर्ते, जि. सातारा

उत्तर : बंद पडण्याचे कारण आपल्या पत्रातच आहे. चित्राचे ४००० आणि आवाजाचे १२८ किलोबिट मिळून सेकंदाला सुमारे ४.१ मेगाबिट माहिती बाहेर जाते, म्हणजे तासाला जवळपास १.८६ जीबी. दिवसभरात त्याच फोनवर थोडे इतर काम झाले असेल, तर २ जीबीची मर्यादा बरोबर तासाभराने संपते. त्यानंतर अशा बहुतेक प्रीपेड प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिटवर) येतो आणि तेवढ्यात केवळ आवाज पाठवणेही कठीण होते. लॅपटॉपचा यात काहीही दोष नाही. दोन तासांच्या कीर्तनासाठी २५०० केबीपीएस बिटरेट ठेवला तरी सुमारे २.४ जीबी डेटा लागतो, त्यामुळे सप्ताहाच्या दिवसांपुरता मोठा डेटा पॅक घ्यावा. मंडपाजवळच्या एखाद्या घरी किंवा ग्रामपंचायतीत फायबरची जोडणी असेल तर तेथून इथरनेटची केबल ओढणे सर्वांत चांगले. तांब्याची अशी केबल १०० मीटरपर्यंत विनातक्रार चालते.

मोबाइलवरच काम भागवायचे असल्यास आणखी एक गोष्ट तपासावी लागेल. दुपारी रिकाम्या मंडपात मोजलेला अपलोडचा वेग रात्री मिळत नाही, कारण कीर्तनाला जमलेल्या प्रत्येकाच्या खिशात फोन असतो आणि ते सगळे फोन त्याच टॉवरवर असतात. म्हणून आदल्या रात्री, कीर्तन भरात असताना, काही मिनिटांच्या अंतराने वेग मोजावा आणि त्यांतील सर्वांत कमी आकड्याच्या निम्मा बिटरेट ठेवावा. वेग ५ मेगाबिट भरला तर २५०० केबीपीएस सुरक्षित समजावा. ओबीएसच्या नेटवर्कविषयक सेटिंगमध्ये गर्दीनुसार बिटरेट आपोआप कमी करण्याचा पर्याय आहे, तोही सुरू ठेवावा. चित्र थोडा वेळ धूसर होईल, पण प्रक्षेपण तुटणार नाही.

आता चित्राविषयी. २५०० केबीपीएसमध्ये १०८०पीचा हट्ट धरू नये. एन्कोडर (चित्र संकोचित करणारी यंत्रणा) दोन लगतच्या फ्रेममधील साम्य शोधून केवळ बदललेला भाग नव्याने लिहितो, आणि कीर्तनाच्या चित्रात बदल फार असतो. टाळकऱ्यांच्या दोन्ही रांगा पावली टाकत डुलत असतात आणि मागे सजावटीच्या माळा लुकलुकत असतात. या माळांवर बिटरेटचा किती भाग खर्च होतो हे पाहिले तर मंडपवाल्याचा रागच यावा, कारण उघडमीट करणारा प्रत्येक दिवा एन्कोडरच्या दृष्टीने दर वेळी नवीन मजकूर असतो. निदान कीर्तनकारांच्या मागच्या माळा स्थिर ठेवण्यास सांगावे. चित्र ७२०पी, सेकंदाला २५ फ्रेम, बिटरेट स्थिर आणि कीफ्रेम दर दोन सेकंदांनी ठेवावी. कीफ्रेम म्हणजे मागच्या कोणत्याही फ्रेमवर अवलंबून नसलेले पूर्ण चित्र. नव्याने येणाऱ्या प्रेक्षकाचे चित्र तेथूनच सुरू होऊ शकते, म्हणून यूट्यूबही दोन सेकंदांचीच शिफारस करतो आणि चारच्या वर जाऊ नये असे सांगतो.

टाळ-मृदंग बुडण्याचे कारण बहुधा ओबीएसमधील नॉइज सप्रेशन हे आहे. ही सोय बोलणाऱ्या माणसाचा आवाज ठेवून इतर आवाज पुसण्यासाठी तयार केलेली आहे. तिच्या लेखी टाळ हा गोंगाट असतो आणि ती तो इमानेइतबारे पुसते. ती बंद करावी. आवाज कॅमेऱ्याच्या माइकवरून न घेता साउंडवाल्याच्या मिक्सरमधून, आणि शक्य तर त्याच्या ऑक्स आउटमधून, म्हणजे वेगळे मिश्रण बाहेर देणाऱ्या जोडणीतून, घ्यावा. मुख्य आउटमध्ये कीर्तनकारांचा आणि पेटीचा आवाज असतो, पण टाळांना माइक लावलेला नसल्याने ते तेथे जवळजवळ नसतातच. त्यासाठी समोर एक वेगळा माइक ठेवून तो ऑक्समध्ये मिसळून घ्यावा. आवाजाची सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, कारण गजर सुरू झाला की ती अचानक चढते आणि एकदा फाटलेला आवाज मागाहून शिवता येत नाही.

प्रक्षेपणाबरोबर लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही चालू ठेवावे आणि ते एमकेव्ही स्वरूपात करावे. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर सगळी फाइल निकामी होते. एमकेव्हीमध्ये तोवरचे रेकॉर्डिंग शाबूत राहते आणि नंतर ओबीएसमधूनच ते पुन्हा एन्कोड न करता एमपी४मध्ये नेता येते. नवीन चॅनेलवर थेट प्रक्षेपणाची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, हे शेजारच्या गावांतील समित्यांनाही सांगून ठेवावे.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर पाठवलेला लग्नाचा व्हिडिओ इतका पुसट का होतो? – एक वाचक, बार्शी

उत्तर : कारण पाठवताना तो नव्याने, फार कमी बिटरेटवर एन्कोड होतो. तोच व्हिडिओ 'डॉक्युमेंट' म्हणून जोडल्यास मूळ फाइल जशीच्या तशी जाते; २०२२ पासून अशी फाइल २ जीबीपर्यंत चालते.

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंस्थेने राज्य नाट्य स्पर्धेत सादर केलेल्या काही प्रयोगांचे चित्रीकरण मिनीडीव्ही टेपवर आहे. त्या वेळी एका स्टुडिओने त्यांच्या डीव्हीडी करून दिल्या होत्या. त्या डीव्हीडींवरून व्हिडिओ तयार करून यूट्यूबवर टाकला, तर नट हलले की कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात आणि सगळी माणसे बुटकी व रुंद दिसतात. टेप अजून आमच्याकडे आहेत. काय करावे? – एक नाट्यकर्मी, नागपूर

उत्तर : टेप आहेत हे आपले भाग्य समजा आणि डीव्हीडी बाजूला ठेवा. मिनीडीव्हीवर चित्राला सेकंदाला २५ मेगाबिट मिळतात, तर डीव्हीडीवर कमाल मर्यादाच ९.८ मेगाबिट असते आणि दोन-अडीच तासांचे नाटक एका तबकडीत बसवताना प्रत्यक्षात याच्या निम्मेही मिळत नाहीत. अंधारा रंगमंच आणि मधोमध प्रकाशाचा एक झोत, असे चित्र कमी बिटरेटवर सर्वांत आधी बिघडते. डीव्हीडीवर काळ्या पडद्यात जे चौकोन हलताना दिसतात, ते टेपवर नाहीत.

टेपवरील मजकूर मुळातच डिजिटल आहे, हे अनेक दुकानदार विसरतात आणि कॅमेऱ्याच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरी संगणकाला जोडून तो पुन्हा 'डिजिटल करून' देतात. असे केल्याने चित्र एकदा ॲनालॉग होऊन परत येते आणि विनाकारण खराब होते. कॅमेऱ्याला फायरवायरचे छोटे छिद्र असते. काही कंपन्यांनी त्यालाच आयलिंक म्हटले आहे. त्यातून टेपवरील माहितीची हुबेहूब प्रत काढता येते. यासाठी फायरवायर असलेला जुना संगणक शोधावा लागेल. विंडोजवर विनडीव्ही आणि लिनक्सवर डीव्हीग्रॅब ही लहानशी विनामूल्य साधने हेच काम करतात. तासाभराच्या टेपची फाइल सुमारे १३ जीबी होते आणि प्रत काढायला तासच लागतो, कारण टेप तिच्या नेहमीच्याच वेगाने फिरते. आधी कॅमेऱ्याचे हेड (टेप वाचणारा भाग) साफ करण्याची टेप थोडा वेळ फिरवावी, आणि मूळ टेप एकदा पुढे-मागे पूर्ण गुंडाळून घ्यावी. चित्रात चौकोनी तुकडे उडाले तर तेवढा भाग दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावून पाहावा. एका कॅमेऱ्याने न वाचलेली टेप दुसरा वाचतो, हा अनुभव नेहमीचा आहे.

दात्यांचे कारण असे की, आपल्याकडील त्या काळच्या टीव्हीच्या पद्धतीप्रमाणे टेपवर सेकंदाला २५ पूर्ण चित्रे नसून ५० अर्धी चित्रे आहेत. एका अर्ध्यात सम रेषा आणि दुसऱ्यात विषम रेषा असतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. संगणकाच्या पडद्यावर त्या एकदम दाखवल्या की हललेल्या हाताच्या कडेला दाते उमटतात. त्यासाठी डीइंटरलेस करावे लागते, म्हणजे अर्ध्या चित्रांपासून पूर्ण फ्रेम बनवाव्या लागतात. बहुतेक जण दोन अर्ध्यांतून एक फ्रेम काढून सेकंदाला २५ फ्रेमची फाइल करतात. मला ते पटत नाही, कारण त्यात अर्धी हालचाल फेकली जाते आणि अभिनय तुटक दिसतो. हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या व्हिडिओ-रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ हा फिल्टर प्रत्येक अर्ध्यापासून एक फ्रेम बनवण्याच्या पद्धतीने लावावा. हँडब्रेकमध्ये त्या पर्यायाचे नाव 'बॉब' आहे. फ्रेमचा वेग ५० राहू द्यावा. फिल्टरने क्षेत्रांचा, म्हणजे या अर्ध्या चित्रांचा, क्रम विचारला, तर डीव्हीमध्ये खालचे क्षेत्र आधी येते हे लक्षात ठेवावे. क्रम चुकला की चित्र थरथरते.

माणसे रुंद दिसतात, कारण ४:३ प्रमाणाचे चित्र कोणीतरी १६:९ मध्ये ताणले आहे. टेपवर ७२० गुणिले ५७६ बिंदू असतात आणि ते चौरस नसल्याने योग्य प्रमाणात ते चित्र साधारण ७६८ गुणिले ५७६ असे दिसायला हवे. यूट्यूबवर टाकण्यासाठी मात्र ते वाढवून ९६० गुणिले ७२० करावे. त्याने तपशील वाढत नाही, पण यूट्यूब सेकंदाला ५० फ्रेम ७२०पी आणि त्यावरच दाखवतो. लहान आकारात टाकल्यास आपण जपलेली अर्धी हालचाल तो पुन्हा फेकून देईल. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसू द्यावेत, त्यांत काहीही गैर नाही. एच.२६४ या संकोचनाच्या पद्धतीसाठी सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) १८ ठेवावे. हा आकडा जितका लहान तितकी फाइल मोठी आणि चित्र चांगले असते; नेहमीचा आकडा २३ असला तरी पुन्हा एन्कोड होणाऱ्या फाइलसाठी मी तो वापरणार नाही.

आवाजाचीही एक खोच आहे. पुष्कळ घरगुती मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत आवाज १२ बिट आणि ३२ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड होत असे. तसे असल्यास तो ४८ किलोहर्ट्झवर आणून घ्यावा, नाहीतर काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये संवाद भलत्याच सुरात ऐकू येतात. मूळ डीव्ही फाइल दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवाव्यात आणि त्या कधीही पुसू नयेत. यूट्यूबवर टाकण्यापूर्वी नाटककाराची, आणि ते हयात नसल्यास वारसांची, लेखी परवानगी घ्यावी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो.

प्रश्न : क्रिकेटचा सामना मोबाइलवर पाहताना शेजाऱ्यांचा जल्लोष आधी ऐकू येतो आणि आमच्याकडे विकेट अर्ध्या मिनिटाने पडते. आमचे इंटरनेट वेगवान आहे. मग हा उशीर कशाचा? – एक क्रिकेटप्रेमी, पुणे

उत्तर : आपल्या इंटरनेटचा नाही. इंटरनेटवरचे मोठे प्रक्षेपण सलग वाहत नाही, तर त्याचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा एका साध्या फाइलसारखा पाठवला जातो. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस पद्धत आणि २०१२ मध्ये प्रमाणित झालेली डॅश पद्धत, दोन्ही याच तत्त्वावर चालतात. एचएलएसच्या सुरुवातीच्या काळात तुकडा १० सेकंदांचा असे, नंतर ॲपलने ६ सेकंदांची शिफारस केली. तुकडा पूर्ण टिपल्याशिवाय तो पाठवता येत नाही, आणि नेट क्षणभर मंदावले तरी चित्र थांबू नये म्हणून प्लेअर साधारण तीन तुकडे हाताशी आल्याखेरीज दाखवायला सुरुवात करत नाही. म्हणजे ६ सेकंदांच्या तुकड्यांनीच १८ सेकंद गेले. त्यात एन्कोडिंगचा, निरनिराळ्या बिटरेटच्या आवृत्त्या तयार करण्याचा आणि सर्व्हरपर्यंतच्या प्रवासाचा वेळ मिळवला की अर्धे मिनिट भरते. शेजाऱ्यांच्या केबल किंवा डीटीएचवर एकच प्रवाह सर्वांना एकदम जातो, तेथे तुकड्यांचा साठा करावा लागत नाही.

तुकडे लहान का करत नाहीत, हा पुढचा प्रश्न साहजिक आहे. अहमदाबादला १९ नोव्हेंबर २०२३ रोजी झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना डिझ्नी प्लस हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षकांनी पाहिला. एवढ्यांना मुख्य सर्व्हर पुरवठा करू शकत नाही. ठिकठिकाणच्या सर्व्हरवर तुकड्याची प्रत ठेवून तीच लाखोंना दिली जाते, आणि फाइलच्या रूपातील तुकडा असला तरच हे जमते. तुकडा जितका लहान, तितक्या मागण्यांची संख्या वाढते आणि अडखळण्याचा धोकाही वाढतो. ॲपलने २०१९ मध्ये कमी विलंबाची एचएलएस जाहीर केली. तीत तुकड्याचेही बारीक भाग करून ते तयार होतील तसे पाठवले जातात आणि उशीर काही सेकंदांवर येतो. व्हिडिओ कॉलमध्ये वापरले जाणारे वेबआरटीसी सेकंदाच्याही आत पोहोचते, परंतु त्यात प्रत्येक प्रेक्षकाशी स्वतंत्र संबंध राखावा लागत असल्याने कोट्यवधींसाठी ते परवडत नाही. सामना पाहताना विलंबापेक्षा मध्येच फिरणारे चक्र प्रेक्षकांना अधिक संतापजनक वाटते, असा हिशेब कंपन्यांनी केलेला दिसतो आणि तो चुकीचा आहे असे मला वाटत नाही. शेजाऱ्यांकडे जाऊन सामना पाहणे हा उपाय आहेच.

प्रश्न : वर्गातील तास मोबाइलवर चित्रित करते आणि आवाज कॉलर माइकच्या वेगळ्या रेकॉर्डरवर घेते. एडिटिंग करताना सुरुवातीला दोन्ही जुळतात, पण शेवटी ओठ आणि आवाज यांत स्पष्ट अंतर पडते. ट्यूबलाइटमुळे चित्रात आडवे पट्टेही सरकतात. – एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. उजेड कमी-जास्त झाला की मोबाइल सेकंदाला घ्यायच्या फ्रेमची संख्या स्वतःच बदलतो. कधी ३०, कधी २४, तर कधी मधलेच काहीतरी. प्लेअर हे सांभाळून घेतो, परंतु अनेक एडिटिंग सॉफ्टवेअर फ्रेमचा वेग एकच धरून चालतात आणि अंतर हळूहळू साचत जाते. एडिटिंगपूर्वी फाइल हँडब्रेकमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून काढून घ्यावी. त्यानंतरही तासाच्या शेवटी सेकंदाच्या दशांशाइतके अंतर उरले, तर ते दोन यंत्रांच्या घड्याळांतील फरकामुळे आहे. दशलक्षात ५० भागांचा फरकही तासाला ०.१८ सेकंद होतो. आवाजाची पट्टी तेवढी ताणून तो काढावा. रेकॉर्डर मात्र ४४.१ ऐवजी ४८ किलोहर्ट्झवर ठेवावा.

पट्ट्यांचे कारण आपल्याकडची ५० हर्ट्झची वीज. चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते आणि मोबाइलचा शटर १/६० वर असेल, तर प्रत्येक फ्रेमला या चक्राचा वेगळा भाग मिळतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवावा आणि शक्य असल्यास फ्रेमचा वेग २५ निवडावा. परदेशी यूट्यूबर १/६० सुचवतात, ते त्यांच्याकडील ६० हर्ट्झच्या विजेसाठी योग्य आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेकडे एच.२६४ मधील व्याख्यानांचा मोठा संग्रह आहे. जागा वाचवण्यासाठी तो सगळा एव्ही१ मध्ये बदलावा का? – एक ग्रंथपाल, ठाणे

उत्तर : नाही. एव्ही१ (२०१८) आणि त्याआधीचे एच.२६५ (२०१३) हे २००३ च्या एच.२६४ पेक्षा बरीच कमी जागा घेतात हे खरे, पण संकोचित फाइल पुन्हा संकोचित केली की पहिल्या वेळचे दोष कायम राहून दुसऱ्या वेळचे त्यांत मिळतात. शिवाय स्वस्त आणि जुन्या फोनमध्ये एव्ही१ उलगडणारी चिप नसते; तेथे ते काम प्रोसेसरवर पडते आणि बॅटरी झपाट्याने उतरते. नवी व्याख्याने मूळ चित्रीकरणातून हव्या त्या कोडेकमध्ये (संकोचनाच्या पद्धतीत) काढावीत. जुन्यांसाठी आणखी एक हार्डडिस्क घेणे स्वस्त पडेल.

प्रश्न : लघुपटाला मराठी सबटायटल द्यायची आहेत. मजकूर डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतला, पण सबटायटलच्या एसआरटी फाइलमध्ये टाकताच त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली. स्वतः टाइप केला, तर एडिटिंगमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे न राहता पुढे जाते आणि जोडाक्षरे फुटतात. – एक लघुपट दिग्दर्शक, कोल्हापूर

उत्तर : डीटीपीवाल्याचा मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फाँट बदलला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. असा मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा, रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवावी.

वेलांटीचा दोष मात्र मजकुरात नसून अक्षरे मांडणाऱ्या यंत्रणेत आहे. देवनागरीत अक्षरांचा क्रम आणि आकार शेजारच्या अक्षरांवर ठरतो, आणि केवळ रोमन लिपीसाठी लिहिलेल्या यंत्रणेला ते कळत नाही. प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या ग्राफिक्सविषयक प्राधान्यांत दक्षिण आशियाई लिप्यांसाठी वेगळा पर्याय आहे; तो निवडून नवीन मजकूर घातल्यास अक्षरे नीट जुळतात. एफएफएमपेगने सबटायटल चित्रावर छापायची असतील तर तो हार्फबझसह (अक्षरे जुळवणारा घटक) बांधलेल्या लिबॲसशी (सबटायटल आखणारा घटक) जोडलेला आहे ना, हे पाहावे.

तरीही माझा सल्ला सबटायटल चित्रावर न छापता वेगळी फाइल म्हणून देण्याचा आहे. छापलेली अक्षरे कमी बिटरेटवर चित्राबरोबरच फाटतात आणि देवनागरीच्या बारीक मात्रा-अनुस्वार सर्वांत आधी जातात. वेगळी फाइल प्रेक्षकाच्या पडद्यावर दर वेळी नव्याने आखली जाते. महोत्सवाने छापलेलीच प्रत मागितली तर जाड वळणाचा फाँट, सभोवती काळी कड आणि एका वेळी दोनच ओळी ठेवाव्यात. फाँट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे येतात का, हे आधी एका चाचणीच्या ओळीवर पाहून घ्यावे. पुष्कळ फाँटमध्ये ती दोन्ही अक्षरे हिंदी वळणाची येतात आणि प्रदर्शनाच्या दिवशी पहिल्या रांगेतील कोणीतरी ते नक्की दाखवून देतो.